बंगल्यातली पाहुणी

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि शुद्धलेखन चौथीनंतर सुटले, ते या वहीने सांभाळून घ्यावे. आज सुनेने खरवस केला आणि त्या वासासरशी मला घाटमाथ्यावरच्या तुंगार्लीचा बंगला आठवला.

तेव्हा तिथल्या तळ्याच्या खाली सातच बंगले होते. उन्हाळ्यात ते मुंबईच्या लोकांचे, पावसाळ्यात आम्हा रखवालदारांचे. आमची खोपटी गळायची, म्हणून एका बंगल्यात कांदे पसरलेले असत, दुसऱ्यात कोंबड्या. आम्ही राखायचो त्या बंगल्याच्या व्हरांड्यात आमची म्हैस बांधलेली होती. आषाढात ती तिथेच व्याली आणि तिसऱ्या दिवशी बंगल्याच्या मालकीण बाईसाहेब न कळवता टांग्यातून उतरल्या.

आता नोकरी गेली, असे समजून मी खांबाआड झाले. म्हैस दोन फुटलेल्या रंगीत फरश्यांवर बसून रवंथ करीत होती.

"हे काय आहे?" बाईसाहेबांनी विचारले.

"पाव्हणी हाय जी," आमचे हे म्हणाले. "पाऊस उघडला की जाईल."

बाईसाहेब हसल्या नाहीत. मी खांबाआडून येऊन खरवसाची वाटी पुढे केली. त्यांनी उभ्यानेच तीन वाट्या संपवल्या.

"म्हैस राहू दे. फरश्यांचे पैसे मात्र पगारातून कापीन."

आता वाटते, आमचा हा पावसाळी मुक्काम मुंबईत साऱ्या मालकांना ठाऊक असावा.

पुढच्या उन्हाळ्यात शेवटचे चार आणे कापून झाले. बाईसाहेब म्हणाल्या, "पैसे फिटले सगळे. आता तुमची पाहुणी पुन्हा कधी व्यायची?"