जीवन ‘चालते’ म्हणाला

सेवादासचा जीवन भित्रा आहे असं कोणी म्हटलं असतं, तर सगळा तांडा हसला असता. विहिरीच्या थेट काठावरून उडी टाकणारा पोरगा तो. साप निघाला की लोक त्यालाच हाक मारायचे. पण दारव्ह्याच्या कॉलेजात, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्रीच्या तासाला बाकावर बसला की याच पोराची जीभ टाळूला चिकटायची. मॅडम विचारायच्या, “कोणाला काही शंका?” शंका पोतंभर होत्या. स्पेक्ट्रमच्या आलेखातलं कोणतं टोक कशाचं, हे ओळखायचं कसं? पुढे एमएस्सी करायची तर कशात? बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपन्या नुसत्या बीएस्सीवाल्याला दारात तरी उभं करतात का? आणि तीन वर्षं घासून शेवटी काहीच झालं नाही तर? इथवर आला की तो मान खाली घालून वहीवर रेघोट्या ओढत बसायचा.

विचारणार तरी कोणाला? घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. अर्पिता मॅडम चांगल्या होत्या, जीव तोडून शिकवायच्या. पण त्या स्वतःच तासिका तत्त्वावर. एमएस्सी, नेट, सगळं करून बसलेली बाई दर वर्षी ‘यंदा बोलावतील की नाही’ या घोरात असायची, हे पोरांनाही ठाऊक होतं. तिला भविष्य विचारायचं म्हणजे तिच्याच जखमेवर बोट ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर जीवनला उत्तर ऐकायचीच भीती वाटत होती.

बापाला मात्र कसलीच शंका नव्हती. केमिस्ट्री म्हणजे औषधाचं शिक्षण, हे सेवादासनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि तांड्यात येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगितलंही होतं. जीवननं एकदा समजावायचा प्रयत्न केला. “बा, औषध नाही शिकवत आमाले. रसायन शिकवते.”

“मंग कपाशीवर काय दूध मारते का लोकं?” सेवादास म्हणाला. विषय तिथेच संपला.

यंदा पोळा झाला आणि रामराव शेठचा निरोप आला. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कृषी केंद्र. कीटकनाशकं विकायच्या परवान्याला विज्ञानाचा पदवीधर लागतो, आणि त्यांचा पदवीधर दुसरीकडे नोकरी लागून निघून चालला होता. जीवननं आतापासून कॉलेज सुटल्यावर दुकानात बसावं, लोकांची ओळख करून घ्यावी, पदवी हाती आली की तिच्यावर परवाना निघेल, असं त्यांचं म्हणणं. सेवादासची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटावं. जीवनच्या आईनं, नंदाबाईनं, तांडाभर साखर वाटली. जीवन दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन बसला. नको म्हणावं, तर त्याच्या जागी दुसरं काय सांगणार होता तो?

दुकानात त्याला काउंटरमागची खुर्ची मिळाली. लोक त्याला सायब म्हणू लागले, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तळहाताला घाम फुटायचा. कॉलेजात त्यानं परीक्षानळीत क्षार ओळखले होते, तेही अर्धेअधिक शेजाऱ्याचं पाहून. इथे मागच्या फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, आणि त्यातल्या एकीच्याही पोटात काय आहे हे त्याला धड सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी तांड्यातलाच श्रावण आला. त्यानं शेठकडून घेतलेल्या दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या.

“काहो जीवन सायब,” तो थट्टेनं म्हणाला, “हे अळीचं अन् हे तुडतुड्याचं. दोनी एकाच फवाऱ्यात चालते का? दोनदा मारायले माणसं भेटून नाही राह्यले.”

जीवननं बाटली फिरवून पाहिली. मुंगीएवढी अक्षरं होती. मागे चारपाच गिऱ्हाईकं ताटकळत होती आणि रामराव शेठ चष्म्यावरून त्याच्याकडेच बघत होते. ‘मले मालूम नाही’ एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मग ही खुर्ची कशाला, हा प्रश्न सगळ्या दुकानाच्या डोळ्यांत त्याला आधीच दिसायला लागला.

“चालते,” तो म्हणाला.

शेठनी समाधानानं मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. रात्री जेवताना बाप शेजारीच होता. जीवननं अर्धी भाकर तशीच ठेवली आणि हात धुवून उठला.

सकाळी तो कॉलेजला निघाला तर आई म्हणाली, “तुहा बा गेला श्रावणच्या वावरात. म्हणे आज माह्या पोराचं औषध मारतो.”

त्या तांड्यात फवारणी पाळीपाळीनं व्हायची. चारपाच घरं मिळून आज याचं वावर, उद्या त्याचं, औषध एकाच ड्रममध्ये कालवायचं आणि सगळ्यांनी त्यातूनच पंप भरायचे. हे जीवनला जन्मापासून माहीत होतं, आणि तरी काल ते डोक्यात आलं नव्हतं. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. काही होत नाही, सगळेच मिसळतात, असं स्वतःला बजावत तो जीपमध्ये बसला आणि कॉलेजला गेला. त्याच क्षणी वावराकडे पळायला हवं होतं. गेला नाही, कारण गेला असता तर कबूल करावं लागलं असतं.

तासाच्या शेवटी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, “कोणाला काही शंका?” आणि जीवन उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा. वर्ग वळून बघायला लागला. त्यानं दोन्ही औषधांची नावं सांगितली. “हे दोन एकत्र केले तर काय होते, मॅडम?”

“मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या त्या! मग त्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. “जीवन, तू कोणाला सांगितलंस का, चालतं म्हणून?”

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“आधी फोन लाव. थांबव त्यांना.”

बापाचा फोन नुसता वाजत राहिला. फवारणीच्या वेळी तो फोन शिदोरीच्या पिशवीत ठेवून झाडाला टांगायचा. श्रावणचाही कोणी उचलेना. जीवननं मित्राची गाडी घेतली. रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी तो संपेचना. डोळ्यांपुढे बाप कपाशीच्या एका ओळीत कोसळलेला दिसे, दुसऱ्या ओळीत आडवा पडलेला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडातून ‘चालते’ हाच शब्द निघालेला ऐकू येई.

वावरात शिरला तेव्हा कपाशी छातीला लागत होती. माणसं तोंडाला रुमाल बांधून ओळीनं पुढे सरकत होती.

“थांबा!” तो ओरडला. “मारू नका! मले काही मालूम नोतं! मी असाच बोललो!”

पंप थांबले. श्रावण जागीच उभा राहिला. “अरे, कालवलं तवाच फाटल्या दुधावानी झालतं ते,” तो म्हणाला. “आमी मागं सरलो. तं तुह्या बानं कोपरापर्यंत हात घातला ड्रममंदी. म्हणे माह्या पोरानं सांगतलं, कायले भेता. अन् पयला पंप त्यानंच घेतला.”

सेवादास पुढच्या ओळीत होता. भरल्या लोकांत पोरानं अब्रू घालवली म्हणून तो रागानं वळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोलण्याऐवजी गुडघ्यांवर बसला. अंग घामानं निथळत होतं. तोंडातून लाळ गळत होती.

मग सगळी धावपळ. कपडे काढले, हात, पाठ साबणानं धुतली, जीप बोलावली. जीवननं दोन्ही रिकाम्या बाटल्या उराशी धरल्या आणि यवतमाळपर्यंत बापाच्या छातीवर हात ठेवून बसला. छाती वरखाली होते आहे का, एवढंच तो बघत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काय मिसळलं होतं? जीवननं बाटल्या पुढे केल्या. कोणी मिसळायला सांगितलं, असं विचारलं तर तो म्हणाला, “मी.”

धोका टळला असं डॉक्टर म्हणाले त्या दुपारी सेवादास पहिल्यांदा नीट बोलला. नंदाबाई चहा आणायला गेली होती.

“तुले खरंच मालूम नोतं?”

“नोतं, बा.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?” आवाज खोल गेला होता, पण राग नव्हता. “शेठपुढं नसंल बोलता आलं. जेवताना तं मी बाजूलेच होतो ना? मले सांगतलं असतं तं कोणाले कळलं असतं?”

जीवनला रडू फुटलं. सेवादासनं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, “आखीन काय काय मालूम नाही तुले? आज सांगून टाक.”

आणि जीवननं सांगितलं. न समजलेले आलेख, एमएस्सी, कंपन्या, मॅडमची दर वर्षीची टांगती नोकरी, खुर्चीत फुटणारा घाम. सेवादासला त्यातलं अर्धंही कळलं नसेल, पण तो शब्दन् शब्द ऐकत होता. शेवटी जीवननं तोही प्रश्न विचारला, “अन् बा, डिग्री घेऊन बी काहीच नाही झालं तं?”

सेवादासनं कुशीवर वळून त्याच्याकडे तोंड केलं.

“याचंच तं भेव लागते मले,” बाप हळूच म्हणाला. “पयल्या वर्षापासून लागते. म्हणूनच साऱ्याईले सांगत फिरतो मी, का माहा पोरगा औषधाचा सायब होऊन राह्यला. सांगतलं का एक दिवस बरं वाटते.”

नंदाबाई चहा घेऊन आली तेव्हा जीवन बापाला उशीला टेकवून बसवत होता.