बाळंतिणीची खिडकी

भिलाईच्या कारखान्यात पंजाबराव गॅस सेफ्टीत होते. भट्टीच्या गॅसनं माणूस कसा गुंगतो, यावर त्यांचं भाषण ठरलेलं. रक्त, प्राणवायू, फळ्यावर आकृती. मोठे साहेब मान हलवायचे, शेवटी टाळ्या वाजवायचे. पंजाबरावांना वाटायचं, आपण सांगितलं की जगाला कळतं.

मग ऐन थंडीत त्यांना मुलगी झाली. त्यांच्या आईनं, तुळसाबाईनं, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या आणि खाटेखाली कोळशाची शेगडी सरकवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचं, कमलिनीचं, डोकं भणभणायला लागलं. पंजाबरावांनी खिडकी उघडली. ते अंगणात पोचेपर्यंत मायनं लावलीसुद्धा.

मग स्वयंपाकघरात भाषण सुरू झालं: भट्टीचा तोच गॅस शेगडीतूनही निघतो. फळा नव्हता, म्हणून पोळपाटावरच्या पिठात आकृती काढली.

"वास येते का त्याचा?" तुळसाबाईनं विचारलं.

"नाही ना माय. वास नाही, रंग नाही. म्हणून तर घात करते."

"दिसत नाही, वास नाही, अन् तरी आहे म्हणतोस?"

"देव तरी दिसतो का तुले?"

"देवानं कोणाचं डोकं दुखत नाही, पंजाब. सरक, पोळ्या लाटू दे."

आतून कमलिनी हसली, मग कण्हली.

"आत्याबाई," ती आतूनच म्हणाली, "परवा पाचवी. सटवाई पोरीचं नशीब लिहायले येईल. खिडकी तर बुजवून ठेवली. कुठून येईल ते?"

तिनं ही युक्ती केली नव्हती. तिला खरंच तो घोर लागला होता.

तुळसाबाईचं लाटणं थांबलं. उठून तिनं एकेक चिंधी ओढून काढली. "अन् हे शेगडी ने बाहेर. देवीच्या पायाले चटका लागंल."

दुसऱ्या दिवशी कमलिनीचं डोकं दुखायचं थांबलं. आता तुळसाबाई पार सुपेल्याच्या वस्तीपर्यंत बाळंतिणींच्या घरी खिडक्या उघडत फिरू लागली.

"माय, गॅसचं नाव तरी घेत जा."

"घेते ना. सटवाईले तुझा तो बिनवासाचा सोसत नाही, असंच सांगून राहिली."

पुढच्या भाषणात पंजाबरावांनी आधी फळ्यावर खाट काढली, खाली शेगडी, शेजारी बंद खिडकी. रक्तापर्यंत पोचायच्या आतच मोठे साहेब उठले. टाळ्या राहिल्याच. त्यांच्या घरी सून बाळंत झाली होती. ते फोनकडे गेले.