चपलांच्या फोमचं चिलखत

माझा नवरा गेला त्याला चार महिने झाले होते, तेव्हा मी घरी चिलखत करायला घेतलं. हे मी आजवर दोन-तीन जणांनाच सांगितलं आहे आणि प्रत्येकाने विचारलं, "त्यांना नाटकाबिटकाचा नाद होता का?" नव्हता. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. गॅदरिंगच्या दिवशीसुद्धा खुर्च्या लावण्याचं काम मागून घ्यायचा. चिलखताशी त्याचा कधी काही संबंध आला नाही, म्हणूनच मला ते करता आलं असावं. बाकी घरातल्या प्रत्येक वस्तूशी त्याचा संबंध होता.

त्याला ताप आला. दोन दिवस लाखनीत औषध झालं, मग भंडारा, मग नागपूर. अकराव्या दिवशी संपलं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याला, सगळे आले. बाया माझ्या जवळ बसून वाट पाहत होत्या, मी केव्हा रडते याची. मी पाणी कोणाला मिळालं, कोणाला नाही, ते बघत होते. दाताचा डॉक्टर सुई देतो आणि मग आपला गाल आपला राहत नाही, तसं अख्खं अंग झालं होतं. वाईट वाटतंय, असंही वाटत नव्हतं.

घरात मी आणि सासू, दोघीच उरलो. मी त्यांना आई म्हणते. तो त्यांचा एकुलता एक. आम्हाला मूल नव्हतं. आई सकाळी उठून अंगण झाडायच्या, वंदना म्हणायच्या, तांदूळ निवडायला बसायच्या. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे, "भात मांडू का?" "मांड." अनुकंपेवर मला कारकुनाची जागा मिळणार होती, तिची फाईल चालू होती. तोवर करायला काही नव्हतं.

दुपारी मी फोन घेऊन पडायची. आवाज बंद करून काहीही बघायची. त्यात एक परदेशी मुलगी दिसली. ती फोमच्या जाड शीटमधून योद्ध्याचं चिलखत बनवत होती. माप घेतलं, कागद कापला, फोम कापला, तापवला, वाकवला, चिकटवला. तिच्या प्रत्येक कामानंतर दुसरं काम यायचं. मी ते आठ-दहा वेळा पाहिलं. चिलखताचं मला काही नव्हतं. पुढे काय करायचं ते कोणीतरी सांगत होतं, एवढंच.

फाईलच्या कागदांसाठी भंडाऱ्याला गेले तेव्हा चपला बनवणाऱ्यांना माल देणारं एक दुकान शोधलं. चपलेच्या तळाला लागतो तोच हा फोम, हे मला तोवर कळलं होतं. दुकानदाराने विचारलं, "धंदा टाकून राहिल्या का ताई?" मी हो म्हटलं. त्याने दोन जाडीच्या शीट गुंडाळून दिल्या, सोल्युशनचा डबा दिला आणि वर सांगितलं, "दोन्हीकडून लावा, वाळू द्या, मग चिकटवा. ओलं चिकटवाल तर निघून जाईन." बसमध्ये शेजारच्या बाईने गुंडाळीला हात लावून पाहिलं. "बाळाची गादी का?" मी नाही म्हटलं आणि खिडकीबाहेर बघितलं. तेव्हाही काही झालं नाही.

पहिलं काम होतं अंगाचा साचा काढणं. जुना गाऊन घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर खाकी चिकटपट्टी. मग त्यावर रेघा मारून ते कापून काढायचं. हे एकट्याने होत नाही. दुसरं माणूस लागतं.

मी आईंना हाक मारली. त्यांनी चिकटपट्टीचं रीळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे कायले?"

"माप घ्यायचं आहे."

"कशाचं?"

"माझं."

त्यांनी रिळाचं टोक सोडवलं. कंबरेपासून सुरुवात केली. चार महिन्यांत आम्ही एकमेकींना हात लावला नव्हता, हे त्यांचा हात पाठीवर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या बरगड्यांपाशी थांबल्या.

"किती वाळली वो तू."

त्या गुंडाळत राहिल्या, पोटावरून पाठीकडे, पाठीवरून छातीकडे. त्यांना वाटलं घट्ट असावं, म्हणजे माप नीट येईल. त्या लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तसं ओढून ओढून लावत होत्या. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी होते. कॅलेंडरचे आकडे एकमेकांत सरकायला लागले. ते मला विचित्र वाटलं नाही. आकडे सरकतात, असं वाटलं.

एकदम आई ओरडल्या, "माय वो! ओठ काळे पडून राहिले हिचे!"

कात्री बुद्धमूर्तीशेजारच्या डब्यात असते. त्या धावत गेल्या, आल्या, आणि पाठीमागून सरळ वरपर्यंत कापत गेल्या. गाऊनही फाटला. हवा आत आली तेव्हा खोकला आला आणि मी जमिनीवर बसले.

"बोलली काहून नाई?" त्या माझ्या खांद्याला धरून हलवत होत्या. "तोंड नाई का तुले? श्वास येत नाई, एवढं सांगता येत नाई?"

"मले समजलंच नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"समजलं नाई? श्वास गेलेला समजत नाई?" त्यांचा आवाज फाटला. "एक गेला माझा. आता तू माझ्या हातानं जाशीन का?"

आणि त्या रडल्या. चार महिन्यांत त्या लोकांसमोर रडल्या होत्या, आलेल्या बायांच्या गळ्यात पडून रडल्या होत्या, पण माझ्यासमोर नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आपण त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे मला कळत होतं. हात उचलायला जरा वेळ लागला, पण उचलला. तो कोणा दुसरीचा असल्यासारखा त्यांच्या पाठीवर पडून राहिला.

मला वाटलं, प्रकरण इथेच संपलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आईच रीळ घेऊन आल्या. "चाल, उभी राह्य. पण मी दर वेढ्याले विचारीन, अन् तू सांगशीन. घट्ट का सैल." तसं झालं. प्रत्येक वेढ्याला त्या विचारायच्या, "कसं?" आणि मला स्वतःच्या आत जाऊन बघून यावं लागायचं, कसं आहे ते. "बरं आहे." "इथं?" "थोडं घट्ट." "इथं?" संध्याकाळ झाली. एवढं बोलणं आमचं त्या वर्षात झालं नव्हतं.

साचा मिळाला, कागद कापले, मग फोम. तो कापायला सोपा दिसतो, पण कटरचं पातं जरा बोथट झालं की कडा चावल्यासारख्या निघतात. मी दर दहा मिनिटांनी कपाच्या बुडाला पातं घासायची. छातीचे चार तुकडे, पाठीचे चार, मग खांद्यांचे. खांदे चिकटवून झाले तेव्हा बघितलं, दोन्ही डावे झाले होते. कागद उलटा करायचा मी विसरले होते. मी ते दोन डावे खांदे मांडीवर घेऊन बसले. पुन्हा करावं किंवा टाकून द्यावं, दोन्हीपैकी काहीच वाटेना. किती वेळ बसले माहीत नाही.

आईंनी आयुष्यभर गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवले होते. त्या आल्या, एक खांदा उचलला, दुसरा उचलला.

"बाह्या कापतानी कपडा उलटवत नाई का कोणी? शाळा शिकली अन् एवढं नाई माहीत." त्यांनी उरलेली शीट ओढली, कागद पालथा घातला, खडूने रेघ मारली. उजवा खांदा त्यांनी कापला. माझ्यापेक्षा कडा साफ आली.

तापवायचं कामही त्यांनीच घेतलं. व्हिडिओतल्या त्या मुलीकडे गरम हवेचं यंत्र होतं. माझ्याकडे केस वाळवायचं होतं, त्याने फोम नुसता कोमट व्हायचा. आई म्हणाल्या, गॅसवर धर. मी धरला तर कड जळली आणि घरभर वास सुटला. "सरक," त्या म्हणाल्या. शेगडीत निखारे केले, जाळी ठेवली आणि पापड भाजतात तसा फोम वरच्या वर फिरवू लागल्या. योग्य तापला की तो एका क्षणात चकाकतो, त्याची बारीक छिद्रं मिटतात. त्यांना तो क्षण दुसऱ्याच तुकड्याला ओळखू आला. चकाकला की त्या "घे" म्हणायच्या आणि मी तो पालथ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, दाबून धरायची. गार होईपर्यंत धरायचा. गुडघ्या-कोपरांसाठी लहान गंज, खांद्यांसाठी मोठा, पोटासाठी पाण्याची गुंडी. हाताला चटका बसायचा. पहिल्यांदा बसला तेव्हा मी हात काढून घेतला आणि आईंनी माझ्याकडे पाहिलं.

शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. ओसरीवर छाती-पाठ वाळत पडलेली.

"हे काय होय वो?"

"शाळेतलं नाटक आहे," आई म्हणाल्या.

"कोणत्या शाळेत?"

"आहे एक शाळा." आणि साखर आणायला आत गेल्या.

लाकडाला लावतात त्या पांढऱ्या गोंदाचे चार हात दिले, वर लोखंडी फाटकांना मारतात तो चंदेरी रंग. पट्ट्यांना दप्तराची नवार आणि चिकटणारी पट्टी लावली. सगळं मिळून दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी मी ते घातलं. आईंनी पाठीमागच्या पट्ट्या लावल्या, प्रत्येक पट्टीला विचारत. मी आरशासमोर उभी राहिले. खांदा जरा जास्त उंच झाला होता, हात वर केला की तो गालावर आपटायचा. मला मी योद्धाबिद्धा काही वाटले नाही. आत गरम होत होतं. घाम पाठीवरून खाली उतरत होता आणि तो उतरताना मला स्पष्ट कळत होता. तेवढंच.

"झालं?" आईंनी विचारलं.

"झालं."

"मग काढ. मले घालून पाहू दे."

मला वाटलं थट्टा करताहेत. त्या पदर खोचून, हात पसरून उभ्या राहिल्या. त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. छातीचा भाग त्यांच्या मांडीपर्यंत आला. खांदे कानांना लागले. त्यांनी पोटावर टिचकी मारून पाहिली, वाकून पाहिलं, जमेना, सरळ झाल्या.

"थंडीचं बरं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते काढलं नाही. तसंच सूप घेऊन ओसरीवर बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. खडा सापडला की तो अंगणात टाकायला हात फिरवायच्या आणि दर वेळी खांदा कानाला लागायचा. एकदा लागला तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हट मेल्या." माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे मला नंतर कळलं, कारण आई सूप थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

त्या दिवशी मी जेवायला बसले आणि दुसऱ्यांदा भात घेतला. वरणात मीठ कमी होतं. मी ते सांगितलं. आईंनी मिठाचा डबा पुढे सरकवला.

नंतरचं फार काही नाही. पावसाळ्यानंतर ऑर्डर आली आणि मी तुमसरला रुजू झाले. रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून आम्ही दोघी तिकडेच खोली घेऊन राहिलो. रडू मला पुढे कधीतरी आलं, ऑफिसात, एका साध्या अर्जावर शिक्का मारताना, आणि ते लवकर थांबलं नाही. चिलखत नव्या खोलीच्या खुंटीवर आहे. कोपरांवरचा रंग उडाला आहे. घरमालकाने एकदा विचारलं, हे कोणाचं? मी उत्तर देण्याआधी आई म्हणाल्या, "आमच्या दोघींचं."