गुरुजींचा लॅपटॉप

आमच्या विकीवर नवीन मॉडेलं घ्यायची की नाही, यावर सगळ्यात जास्त भांडलो तो मीच. घ्यायचीच, या बाजूनं.

विकी म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशी वेबसाइट. आमची जुन्या संगणकांची आहे, आणि नागपुरातली आम्ही मोजकी मंडळी ती सांभाळतो. रविवारी सकाळी महाल भागात एका काकांच्या घरी वरच्या खोलीत जमतो. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खोलीत टीव्हीला जोडायचे कीबोर्ड, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायची यंत्रं आणि हिरव्या अक्षरांचे पडदे आहेत, आणि त्यातलं बरंचसं अजून चालतं. ज्याचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात ते आपलं नाही, असा काकांचा नियम होता.

मग एका बाईंनी विकीच्या चर्चापानावर लिहिलं, "मी शाळेत ज्यावर शिकले तो संगणक तुमच्याकडे नाहीच. माझं लहानपण अजून पुरेसं जुनं झालेलं दिसत नाही." मला ते फार आवडलं. मी ते बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "उद्या तू मोबाईलबी आणून ठेवशील गा इथं." पण दोन-तीन रविवार मी तोच विषय लावून धरला आणि शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. मी लगेच व्हॉट्सॲपवर आवाहन टाकलं : दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप कुणाकडे पडून असतील तर दाखवायला आणा. फोटो आणि व्हिडिओ घेऊन परत देऊ.

पहिला फोन पारशिवनीहून आला. बाईंचा आवाज दबका होता. "लॅपटॉप आहे. चार्जर हरपलं. तुमच्याकडं चालू होईन का?" मी म्हटलं, हमखास होईल. त्या म्हणाल्या, त्यांना तसंही नागपूरला बहिणीकडे यायचंच आहे, रविवारी घेऊन येतील.

त्या आल्या तेव्हा लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. छोटासा, काळा, मांडीवर मावणारा. असे एके काळी घरोघरी दिसायचे, आता दिसत नाहीत. मी आनंदानं हात चोळले. काकूंनी त्यांना चहासाठी आत नेलं. तो कुणाचा, आपल्याकडे कसा आला, त्यात काय आहे, यातलं काहीही मी त्यांना विचारलं नाही. मॉडेल क्रमांक मात्र लगेच उतरवून घेतला.

काकांनी आपला फोन स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. यंत्र सुरू कसं होतं याचा व्हिडिओ आम्ही प्रत्येक पानावर ठेवतो. माझ्याकडचं एक चार्जर बसलं. बटण दाबलं. बंद पडताना त्यावर जे चालू होतं, तिथूनच तो जागा झाला. पडद्यावर काही उमटायच्या आतच आवाज आला.

"मु... मु... मु... मु..."

आम्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं. खराब सीडी अडकते तसा आवाज अडकलाय. जुन्या यंत्रांचं हे आमच्या रोजच्या ओळखीचं. आणि मला विनोद करायची सवय आहे. बैठकीत तर फारच.

"अरे, हे तं तोतरं निघालं गा!" मी म्हणालो. "नवीन मॉडेल म्हणून आणलं, अन् पहिल्याच अक्षराले अडकलं!"

खोली हसली. काका तर खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. आपल्या विनोदावर माणूस जरा जास्तच हसतो, तसा.

तेवढ्यात त्या आवाजानं श्वास घेतला. लांब, थकलेला, नाकातून सोडलेला श्वास. यंत्र श्वास घेत नाही. मग तोच आवाज सावकाश, एकेक शब्द जपून ठेवावा तसा बोलला, "मुलांनो, पुस्तकं उघडा." थोडा थांबला. आणि पुन्हा सुरुवातीपासून, "मु... मु..."

कुणाचं तरी हसू उशिरा विझलं. मी वर पाहिलं तर बाई दारात उभ्या होत्या. हातात कपबशी तशीच. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या.

"बोलून राहिले ते," त्या म्हणाल्या.

मी काय केलं, तर झाकण बंद केलं. बंद केलं म्हणजे आपटलं. चोरी करताना दिवा लागावा तसा मी घाबरलो होतो.

"काहून बंद केलं?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं झाकण उघडलं. पडदा काळा होता. आतून बारीक टिकटिक येत होती. ती कशाची हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, फक्त बाईंना कळलं नाही. मी त्यांना समजावू लागलो : हार्ड डिस्क जुनी होती, फिरत असताना धक्का बसला की असं होतं, या मॉडेलमध्ये हा दोष असायचाच. मी बोलतच सुटलो. हसण्याबद्दल मात्र माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. त्या प्रत्येक वाक्याला "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत होत्या.

जिन्यावरून उतरताना त्यांनी थोडंसं सांगितलं. यजमान गावच्या शाळेत गुरुजी होते. लहानपणापासून बोलताना अडखळायचे. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आतल्या खोलीचं दार लावून बोलण्याचा सराव करायचे. "ते आवाज भरून ठेवत होते हे मले माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. ते गेले त्याला दोन वर्षं झाली होती. लग्नाच्या कॅसेटमध्ये, पोरांच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत, कुठेच त्यांचा आवाज नव्हता. कॅमेरा आला की ते बाजूला सरत. फोनवरही फक्त "हं" म्हणत.

"होईल तं पाहा," असं म्हणून त्या लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून गेल्या.

झालं नाही. सीताबर्डीच्या बाजारात डिस्कमधली माहिती काढून देणाऱ्या माणसानं ती उघडून पाहिली आणि मान हलवली. तबकडीवर चरा गेला होता. त्या दुकानाबाहेर मी बराच वेळ गाडीला टेकून उभा राहिलो. जुन्या यंत्रांशी खेळता खेळता मला एक खोड लागली होती. ती यंत्रं बंद केली की रिकामी होतात. त्यांच्यात मालक उरत नाही. त्यामुळे बटण दाबताना कुणाला विचारावं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. नवीन मॉडेलं हवीत म्हणून मी इतका भांडलो, आणि नवीन मॉडेलमध्ये माणूस असू शकतो एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "तो व्हिडिओ माह्या फोनात आहे गा. पुसून टाकतो. मले ऐकवत नाही."

"पुसू नका," मी ओरडलोच. गुरुजींचा आवाज आता फक्त तिथंच उरला होता.

मी तो संगणकावर घेतला आणि आमचं हसणं कापायला बसलो. ते कापता येईना. माझा विनोद नेमका त्यांच्या "मु... मु..." वर चढून बसला होता. आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तर आमच्याबरोबर गुरुजीही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे झाले. तो श्वास तर पार गेला. शेवटचा थोडासा स्वच्छ तुकडा तेवढा द्यावा, असं एकदा मनात आलं. तो फार लहान होता. शिवाय तो निवडून मला बाईंना जपण्यापेक्षा स्वतःलाच जास्त झाकायचं होतं.

मी सगळा व्हिडिओ जसाच्या तसा घेऊन पारशिवनीला गेलो. एसटीत खिडकीशी बसून सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो, आणि पहिल्याच शब्दाशी अडत होतो.

बाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि डिस्क गेल्याचं सांगितलं. मग म्हणालो, "त्या दिवशीचा व्हिडिओ आहे. त्यात ते आहेत. पण आमचं हसणंही आहे, ताई. त्यातला विनोद माझा आहे. मशीन अडकलं असं वाटलं होतं, पण हसलो ते हसलोच."

त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि कानाशी धरला. मला दुरूनही सगळं ऐकू येत होतं. माझा तो आवाज, किती खुशीत. मी सतरंजीच्या दशांकडे बघत राहिलो. कुणीतरी उठून मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

व्हिडिओ संपला.

"वर्गात पोट्टे हासले का ते थांबून जात," त्या म्हणाल्या. "मंग पुरा तास फळ्यावर लिहीत. घरी आले का जेवत नसत." त्यांनी पदरानं फोनची काच पुसली. "इथं तुम्ही इतके हासून राहिले, अन् ते थांबले नाहीत."

ते रेकॉर्डिंग होतं, त्यांना आमचं ऐकू कसं येणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"माह्या फोनात टाकून द्या," त्या म्हणाल्या. मी टाकून दिला. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना भिडेखातर हो म्हणावं लागलं असतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या त्या पानावर लावजा फोटो. ते खूश झाले असते. पण व्हिडिओ नका लावू."

मी चप्पल घालत होतो तेव्हा आत पुन्हा व्हिडिओ सुरू झाला. या वेळी मोठ्या आवाजात. माझा विनोद अंगणापर्यंत आला. तो सगळा संपेपर्यंत मी तिथंच वाकून पट्ट्याशी चाळा करत राहिलो. मधेच निघून जायची हिंमत झाली नाही.

नवीन मॉडेलांचा विभाग आता चांगला भरलाय. कुणी लॅपटॉप आणला की आम्ही आधी मालकाला शेजारी बसवतो, आत काय आहे ते त्याला एकट्याला बघू देतो, मगच आमचा कॅमेरा निघतो. काकांनी हे मुकाट्यानं मान्य केलं. त्या पहिल्या यंत्राचं पान मी लिहिलं. त्यात मॉडेल आहे, प्रोसेसर आहे, बॅटरीची माहिती आहे, आणि हा एका शिक्षकाचा होता असं एक वाक्य आहे. फोटो झाकण बंद असतानाचा आहे. मध्यंतरी चर्चापानावर कुणीतरी विचारलं, सुरू होतानाचा व्हिडिओ का नाही, बाकी सगळ्या पानांवर तर आहे. उत्तर लिहायला मी बऱ्याचदा बसतो. अजून लिहिलेलं नाही.