संवाद नसलेल्या प्रसंगाचा सत्कार

श्यामसुंदर काटकर बँकेच्या बदल्या झेलत कलकत्त्याला आले आणि रिटायर झाल्यावरही डमडमच्या फ्लॅटातच राहिले. बायको शकुन आटपाडीकडची. कलकत्त्याचं पाणी पिण्यात अर्धा जन्म गेला, पण आपली बोली तिनं पदराला गाठ मारून ठेवलेली. पोरं तिच्या बोलीला हसली, तर ती त्यांच्या मराठीला हसायची.

श्यामसुंदरांना नाद एकच. पहाटे उठायचं, खिडकीपाशी बसायचं आणि सिनेमाच्या पटकथा लिहायच्या. शकुन चहाचा कप आदळून म्हणायची, "कोंबडी खुडूक बसली तर पिल्लं तरी काढती. तुमी काय काढणार?"

मग एकदाची त्यांची एक पटकथा पुण्यातल्या कुणीतरी घेतली. दोन जावांची गोष्ट. मधल्या भिंतीवरून जन्मभर भांडलेल्या. पटकथा श्यामसुंदरांची, संवाद दुसऱ्याच गड्याचे. त्या धंद्यात असंच असतं, बैल एकाचे आणि औत दुसऱ्याचं. सिनेमा तिकडं आठवडाभर चालला आणि उतरला. इकडं आलाच नाही, त्यामुळं शकुननंही पाहिला नाही.

पण मराठी मंडळाला पत्ता लागला. मंडळाचा सेक्रेटरी प्रभाकर फोनवर म्हणाला, "काका, रविवारी सॉल्ट लेकच्या हॉलमध्ये तुमचा सिनेमा दाखवतोय. मागोमाग सत्कार. मानपत्र तेवढं तुम्हीच लिहून पाठवा."

"माझं मानपत्र मीच लिहू?"

"तुमच्याइतकं छान कोण लिहिणार? गेल्या वर्षी डॉक्टरसाहेबांनीही स्वतःच लिहिलं होतं. उलट कापावं लागलं आम्हाला."

शकुन शेंगा सोलत ऐकत होती. "मंडळ काय वं, गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यालाबी शाल घालतंय. शाल मिळाली म्हंजे काम झालं व्हय?"

बाण वर्मी बसला. श्यामसुंदर अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे नव्हते. शालीचं त्यांना काही नव्हतं. शकुननं एकदा, फक्त एकदा म्हणावं की पहाटेचं हे बसणंही काम आहे, एवढीच आस होती. आणि ते मागून मिळणार नव्हतं.

मानपत्र लिहायला बसले. आपल्याच पाठीवर आपलाच हात पोचेना. शेवटी चार ओळी झाल्या. त्यातली एकच जीव लावून लिहिली होती : जाऊ मेल्यानंतरचा प्रसंग यांनी एकाही शब्दाशिवाय लिहिला आहे.

रविवारी हॉल निम्मा भरला. शकुन बायकांत पुढं बसली. सिनेमा शेवटाकडं आला. पडद्यावर संध्याकाळ. धाकटी जाऊ सवयीनं खरकट्या पाण्याचं पातेलं उचलते, भिंतीपलीकडं फेकते आणि थांबते. रोज पलीकडून शिवी यायची, तिची वाट बघत. शिवी येत नाही. पातेलं हातात धरून बाई तशीच उभी.

श्यामसुंदरांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. शकुनच्या मानेकडं पाहत राहिले. मान हलली नाही.

दिवे लागले. पोरांचा नाच ताटकळत होता, म्हणून प्रभाकरनं मानपत्र घाईत उरकलं. जीव लावलेली ओळ नेमकी गाळली आणि पदरचं घातलं, "काटकरकाकांचे खुसखुशीत संवाद आज आपण सगळे घरी घेऊन जाणार आहोत!" टाळ्या पडल्या. संवाद माझे नाहीत, हे सांगायला श्यामसुंदरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अंगावर शाल पडली. घामानं निथळत त्यांनी हात जोडले. शकुनची ओटी भरली गेली. संपलं.

परतीच्या शेअर ऑटोत शेजारी एक बंगाली मावशी होत्या. शाल, नारळ बघून त्यांनी हिंदीत विचारलं, "लग्न कुणाचं होतं?"

"ह्यांचंच," शकुन म्हणाली. "पर नवरी कुणाला दावलीच न्हाई."

मावशी गोंधळल्या. श्यामसुंदर हसले नाहीत. शकुनच पुढं म्हणाली, "आवं, ती पाणी फेकून थांबली, ते तिला कुणी सांगितलं?"

"मी."

"म्हंजे कागदावर तसं लिवलेलं असतंय?"

"असतं. ती पाणी फेकते. थांबते."

"एवढंच?"

"एवढंच."

"आन् एवढ्यासाठी पहाटं पहाटं उठून बसत हुता?"

ऑटो सिग्नलला थांबली. शकुन बाहेर बघत म्हणाली, "पर वाईच चुकलं बगा तुमचं. ती आनि एकदा पाणी फेकंल. पैल्या बारीला पलीकडं ऐकू गेलं नसंल, आसं वाटून."

दुसरं पातेलं श्यामसुंदरांना दिसलं, त्याचं पाणी भिंतीवर आपटताना ऐकू आलं.

"हे मला सुचलं नाही गं."

"विचारायचं हुतं. घरातच हुते की मी."

ऑटो हलली. श्यामसुंदरांनी शाल काढून मांडीवर घेतली आणि घसा खाकरला. "पुढच्या गोष्टीत एक म्हातारा आहे. बायको माहेरी गेलीय आणि..."

"कशापायी गेली?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग आदी त्ये ठरवू," शकुन म्हणाली आणि सरकून बसली.