मोगीसान गप्प बसतात

नदीकाठच्या मैदानावर मोगीसानांना खुर्ची दिली होती, पण ते खुर्चीत होते कुठे? उठायचे, जाळीपर्यंत जायचे, गुडघा कळवळला की परत येऊन टेकायचे. टोपी पिळून पिळून तिचं पार फडकं झालं होतं.

या माणसानं आयुष्यभर तातामी चटया केल्या आणि दर रविवारी मुलांच्या बेसबॉलला पंच म्हणून उभा राहिला, तेही फुकट. आमच्याकडे प्रत्येक संघानं आपला पंच आणायचा, नाहीतर स्पर्धेत नाव घालता येत नाही. पोरं भरपूर, पंच मात्र एकटे मोगीसान, आणि आता त्यांचा गुडघा गेलेला. नवे बाप दरवर्षी यायचे. मोगीसान त्यांना भर मैदानात, सगळ्यांदेखत झापायचे. मग पुढच्या रविवारी त्या बापाला घरी हटकून काम निघायचं. त्यांतला न्हावी नेझू तर मोगीसान दिसले की रस्ताच बदलायचा. "हल्लीच्या लोकांना शिकायचंच नसतं," असं मोगीसान सगळ्यांना सांगत फिरायचे.

म्हणून संघप्रमुख एबिहाराबाईंनी आज सकाळीच त्यांना दम भरला होता. "आज शिओरी उभी राहणार. तिला तयार करायचंय, पळवून लावायचं नाहीये. ही पण गेली तर पुढच्या हंगामात आपला संघ घरी बसेल. तोंड उघडायचं नाही!"

"आणि चुकली तर?"

"चुकू दे."

शिओरी एका खेळाडूची आई, टपाल कचेरीत नोकरीला. निर्णय बरोबर द्यायची, पण दर वेळी हळूच मान झुकवायची, पोराला बाद केल्याची माफी मागितल्यासारखी. ही सवय आम्हा सगळ्यांच्या हाडात मुरलेली. पण पंचानं मान झुकवली की समोरच्या प्रशिक्षकाला चेव येतो. 'पंच माफी मागत नाही!' हे वाक्य मोगीसानांच्या ओठांपर्यंत येत होतं. दर वेळी ते जवाच्या चहाबरोबर गिळत होते.

शेवटच्या डावात बरोबरी होती. समोरच्यांचा एक पोरगा धाव पुरी करायला होम प्लेटकडे धावत सुटला, घसरत आला, आणि प्लेटला पाय लागायच्या आधीच आमच्या कॅचरनं त्याला चेंडू टेकवला. शिओरी नेमकी कॅचरच्या पाठीमागे उभी. "सेफ!" ती म्हणाली. सामना गेला.

सगळे आईबाप जाळीकडे वळले. "मोगीसान, आउट होता ना? सांगा की!"

आउट होता. मोगीसानांनी स्वच्छ पाहिलं होतं. त्यांनी टोपी पुन्हा एकदा पिळली.

"पंच त्या आहेत," ते म्हणाले. "मला काय विचारता?"

पोरं मैदान सारखं करायला लागली तेव्हा शिओरी त्यांच्याकडे आली. डोळे लाल झालेले. आता ही पंचगिरी सोडते म्हणणार, अशी मोगीसानांची खात्रीच झाली.

"तो आउट होता ना?"

"होता."

"मग मला दिसला कसा नाही? मी कुठे उभी राहायला हवी होती?"

मोगीसानांनी टोपी डोक्यावर चढवली. मग लंगडत होम प्लेटपाशी गेले. "कॅचरच्या मागे चिकटून राहायचं नाही. चेंडू यायला लागला की बाजूला सरकायचं. असं." सरकून दाखवता दाखवता त्यांना एकेका बापाचा चेहरा आठवायला लागला. त्यांनाही हेच विचारायचं असणार. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मोगीसानांचा आवाज चढलेला असायचा. मोगीसानांना स्वतःचीच लाज वाटली.

"परत दाखवा ना," शिओरी म्हणाली. "पुढच्या रविवारी मला यात चुकायचं नाहीये."

मोगीसानांनी गुडघ्याला एक शिवी हासडली आणि पुन्हा सरकून दाखवलं.