हौदातून पळालेला गडी

मी पळायला लागलो तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. त्या वयाचा माणूस सकाळी उगाच पळतो, ही गोष्ट सोलापुरात कुणाच्या पचनी पडत नव्हती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. दिवसभर खुर्चीवर बसून पोट सुटलेलं, दोन जिने चढलो की धाप लागायची, म्हणून पळायला लागलो, दुसरं काही कारण नव्हतं. पहिल्या भोंग्याच्या आधी कॅनव्हासचे बूट घालून विजापूर रस्त्याला लागायचो. वाटेत दूधवाला सायकल थांबवून विचारायचा, "काय झालं वो? कोन आजारी हाय का घरात?" काही झालं नाही, असंच पळतोय, म्हटलं की तो आणखी काळजीत पडायचा.

आमच्या आबांना मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. दारातल्या बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बारा वर्साचा असताना हौदातनं पळाला, त्यो गडी अजून पळतोयच."

ते खरंच होतं. आबा पैलवान. टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंतच्या जत्रांत कुस्त्या मारलेले, पुढं आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद झालेले. त्यांनी मला बाराव्या वर्षी लंगोट बांधून तालमीच्या हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात उतरवलं. समोरचा पोरगा माझ्या दीडपट. त्यानं मला पालथं घातलं, तोंडात लाल माती गेली, आणि मी उठून जो पळालो तो भर बाजारातून लंगोटावर घरापर्यंत. आबांनी मला पुन्हा तालमीत नेलं नाही. मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं.

माझ्या पळण्याला दोन वर्षं झाली आणि आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण टोमणे मारण्याइतकं शाबूत राहिलं. डॉक्टरांनी बजावलं, "रोज दोन वेळा उठवून बाहेर बसवायचं. नुसतं पडून राहिले तर अंगाला जखमा होतील, छातीत कफ भरेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." दुसरं म्हणजे एका कुशीवर सतत झोपू द्यायचं नाही, अधूनमधून उताणं करायचं.

उताणं करायचं म्हणे. आबा जन्मात कधी उताणे झोपलेले मी पाहिले नव्हते. कुस्तीत पाठ मातीला लागली की गडी हरला. आबांची पाठ मैदानात कधी लागली नव्हती आणि घरातल्या वाकळेलाही ते लागू देत नसत. कायम डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. आई हयात असताना म्हणायची की तान्हं पोरही ह्यांच्यापेक्षा शहाण्यासारखं झोपतं.

आता उचलायचं कसं? शेजारी एक तेलुगू विणकर राहायचा, हातमागावर बसणारा, भला माणूस. पहिल्या दिवशी तो मदतीला आला तर आबांनी डावा हात उगारला. "परक्याच्या हातानं उचलून घ्यायचा न्हाय मी. मेलो की मग चौघं मिळून उचला." तालमीतल्या कुणालाही घरात घ्यायचं नाही, असंही सांगून ठेवलं. वस्तादाला शिष्यांनी आडवं पाहायचं नाही. राहिलो मी आणि बायको. आम्ही दोघं त्यांना चादरीसकट खाटेवरून खाली सरकवून दारापर्यंत ओढत न्यायचो. पोत्यासारखं ओढलं जाताना ते डोळे मिटून घेत. मी दोन वर्षं रोज चार-पाच मैल पळत होतो, आणि मला एकट्याला माझा बाप जमिनीवरून वीतभर उचलता येत नव्हता. त्या दिवसांत मला माझ्या पायांची लाज वाटायची.

आठवड्याभरात त्यांच्या डाव्या खुब्यावर लाल चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी पळून परत येताना मी घराकडे वळण्याऐवजी तालमीकडे वळलो.

तिथले आताचे वस्ताद आबांचे शिष्य, साठीचे. मी काय म्हणतोय ते त्यांनी ऐकून घेतलं, माझा चष्मा, बूट, बारीक दंड पाहिले आणि कोपऱ्यातलं फावडं दाखवलं. "हौद खण."

एवढंच. हौद रोज खणावा लागतो, नाहीतर माती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याची हाडं मोडतात. नव्या गड्यानं आधी हे काम करायचं, अशी तिथली रीत. मी पळालो त्या वयाची पोरं बाजूला जोर मारत होती आणि त्रेचाळीस वर्षांचा कारकून चड्डी-बनियनवर माती उलथीपालथी करत होता. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कंबर धरली.

महिनाभर नुसतं खणणं. मग वस्ताद म्हणाले, "तुजं पाय पळतात, बाकीचं अंग नुसतं मागनं फरफटत जातं." आणि लंगोट बांधायला लावला. दहा जोर, वीस बैठका. पुढं दोर चढणं, मुद्गल फिरवणं, नाल उचलणं. नाल म्हणजे मधे भोक असलेलं दगडाचं जड चाक, ते गळ्याशी धरून बैठका मारायच्या. एक दिवस पळायचं, एक दिवस तालीम, असं मी ठरवून घेतलं. चौथ्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. विजापूर रस्त्याच्या उतारावर माझा उजवा गुडघा गेलं वर्षभर कुरकुरत असे, तो गप्प झाला होता. खांदे कानाला चिकटवून पळायची सवय सुटली. पळून आल्यावर अंग शिणायचं, पण मोडायचं नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. आबा तीस वर्षं तेच सांगत होते म्हणा, फक्त त्यांचा सांगायचा सूर वेगळा होता.

घरात मी यातलं काही बोललो नव्हतो. बारा वर्षांच्या पोराची ती शरम त्रेचाळिसाव्या वर्षीही गेली नव्हती. बायकोला लाल बनियनवरून पहिल्याच आठवड्यात कळलं. पुढं लंगोट धुवायला आला तेव्हा ती म्हणाली, "अवो, ह्यो वाळत घालू कुटं? आबांच्या डोळ्याम्होरं?" तो विणकराच्या परसात वाळायचा.

पाच महिन्यांनी मी तालमीत माझ्याहून जड गडी खांद्यावर घेऊन पंधरा बैठका मारल्या. वस्तादांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या खाटेपाशी गेलो, म्हटलं, आबा, आज चादर नको. त्यांना खाटेच्या कडेला बसतं केलं, समोरून कमरेला मिठी घातली, पाय रोवले आणि उचललं.

आबा हलले नाहीत. कालच्यापेक्षा जड झाले. त्यांची कंबर मागं गेली, छाती माझ्या खांद्यावर आली, आणि आम्ही दोघंही खाटेवरून घसरून खाली बसलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बायको धावत आली. मी चिडून ओरडलो, "आबा, मुद्दाम करताय का?"

"मी काय करतोय रं? मी कायबी करत न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मी त्यांच्या डोळ्यात पाणी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तसाच तालमीत गेलो आणि वस्तादांना म्हणालो, पाच महिने फुकट गेले. त्यांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. कुठं धरलं, कसं धरलं. मग सदरा चढवला. आबांचा हुकूम मोडून ते आमच्या घरी आले, दारात वाकून नमस्कार केला आणि आबा काही बोलायच्या आत मला म्हणाले, "धर बघू तसंच."

मी धरलं. तेच झालं. वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "ताकद हाय तुजी, व्हय. पर तू त्यांच्याशी कुस्ती धरतोयस की. पैलवानाला कमरंला धरलं की त्यो अंग जड करनारच. पन्नास वर्स त्येच केलंय त्या अंगानं. आर्दं गेलं तरी उरलेलं इसरंल व्हय?"

मग ते पुढं झाले आणि उघड्या तळहातानं आबांच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "सुटली, वस्ताद."

आमच्या तालमीत सराव थांबवायची ही खूण. वस्तादानं पाठीवर दोन थापा मारून 'सुटली' म्हटलं की दोन्ही गड्यांनी अंग सैल सोडायचं. मी पाच महिने ते पाहत आणि ऐकत होतो. माझ्या मिठीतच आबांचं अंग सैल पडलं. मी उभा राहिलो आणि आबा माझ्याबरोबर वर आले. मला रडू आलं, ते लपवायला एकही हात मोकळा नव्हता.

बाकावर बसवल्यावर वस्ताद म्हणाले, "मी काय रोज येनार न्हाय. आता पोराला म्हनू द्या."

मी मान खाली घातली. 'सुटली' म्हणायचा मान वस्तादाचा, आणि मी तर पळालेला गडी. आबांनी डावा हात पुढं केला, माझा पंजा धरला आणि फावड्यानं पडलेले घट्टे अंगठ्यानं एकेक करून चाचपले.

"पाच म्हैनं मातीचा वास येतोय ह्याच्या अंगाला," ते म्हणाले. "मला वाटलं, सांगंल कवातरी." मग वस्तादांकडे बघून म्हणाले, "हौद खनलाय त्यानं. म्हनू दे."

त्या संध्याकाळी मी त्यांना आत नेलं. पाठीवर दोन थापा, "सुटली, आबा," आणि उचललं. सकाळसारखेच ते सैल झाले. खाटेवर ठेवलं आणि रोजच्या सवयीनं डाव्या कुशीवर वळवायला लागलो. तिथला चट्टा इतके महिने कमीजास्त होत आता फुटायला आला होता.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

मी हात काढून घेतले. ते हळूहळू आपण होऊन मागं रेलले. आधी एक खांदा टेकला, मग दुसरा, मग सगळी पाठ. छपराच्या पत्र्याकडे बघत ते उताणे पडून राहिले. मी बाजूला उभा. बायको दारात भाकरीचं ताट घेऊन थबकली होती.

आबा म्हणाले, "उद्या तुजा पळायचा दिस हाय न्हवं? आदी मला भाईर बसीव, मग जा."

"व्हय, आबा."

मी निघालो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. वळून पाहिलं तर ते अजून पत्र्याकडेच बघत होते.

"तालमीत सांगू नगंस," आबा म्हणाले.